कोंबडी : ओळखीचें पण अपरिचित पांखरूं

मनुष्याच्या सहवासांत राहणाऱ्या पशुपक्ष्यांपैकीं गाय, घोडा व कुत्रा यांचे गुण कवींनीं पुष्कळ गाइले. कोंबडीच्या वांट्याला मात्र बहुधा थट्टाच आली. भित्र्या माणसाला इंग्रज लोक तिचें नांव देतात, आणि मराठींत मुंडी मुरगळण्याची भाषा निघाली कीं डोळ्यांपुढें तीच उभी राहते. उकिरडा उकरणारें, अंगणांत घाण करणारें, वाफ्यांतील रोपें खाऊन शेजाऱ्यांत भांडण लावून देणारें असें हें पांखरूं. त्याच्याकडे दोन क्षण थांबून पाहावें असें फारसें कोणाला वाटत नाहीं. वस्तुतः संख्येच्या दृष्टीनें पाहिलें तर पृथ्वीवरील पक्ष्यांत राज्य कोंबडीचेंच आहे. जगांत कोणत्याहि एका वेळीं जिवंत असलेल्या कोंबड्यांची संख्या अडीच हजार कोटींच्या वर जाते. म्हणजे दर माणसामागें सुमारें तीन कोंबड्या पडतात. आणि ज्या थोड्या लोकांनीं तिच्याकडे लक्षपूर्वक पाहिलें, त्यांच्यापैकीं एकाला तिनें असा एक धडा शिकविला कीं त्यामुळें असंख्य माणसांचे प्राण वांचले. ती हकीकत पुढें येईलच. आधीं तिचें कुळ पाहावें.

सह्याद्रीच्या रानांतून पहांटेच्या सुमारास जाणाऱ्या वाटसरूला झाडींतून एक तुटक, खरखरीत आरव ऐकूं येतो. तो राखी रानकोंबड्याचा. त्याच्या मानेच्या काळसर पिसांवर मेणाचे थेंब सांडावेत तसे पिवळट ठिपके असतात. हा पक्षी केवळ भारतीय द्वीपकल्पांत सांपडतो. त्याचा तांबडा भाऊबंद मात्र फार दूरवर पसरलेला आहे. हिमालयाच्या पायथ्यापासून म्यानमार, थायलंड आणि त्याहिपुढें जावा बेटापर्यंत त्याचा संचार आहे. आपल्या घरगुती कोंबडीचा मूळ पुरुष यांपैकीं कोण, असा प्रश्न डार्विननें विचारला, आणि १८६८ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाळीव प्राण्यांवरील ग्रंथांत त्यानें निकाल तांबड्याच्या बाजूनें दिला. तो निकाल बहुतांशीं बरोबर ठरला. बहुतांशीं म्हणण्याचें कारण असें कीं तांबड्या रानकोंबड्याचे पाय राखाडी असतात, आणि घरगुती कोंबड्यांपैकीं पुष्कळांचे पाय पिवळे असतात. हा पिवळेपणा आला कोठून ? स्वीडनमधील उप्साला विद्यापीठांतील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००८ सालीं त्याचें उत्तर दिलें. अन्नांतून येणारें पिवळें रंगद्रव्य कातडींतल्या कातडींत नाहींसें करणारें एक विकर असतें. पिवळ्या कोंबडींत तें कातडीपुरतें मंदावलेलें असतें, म्हणून रंग साचून राहतो. आणि हें मंदावणें ज्या जनुकामुळें होतें तें जनुक तांबड्याचें नसून राखी रानकोंबड्याचें आहे. तेव्हां कोंकणांतल्या अंगणांत पिवळ्या पायांनीं माती उकरणारी कोंबडी काय, आणि अमेरिकेंतील पिवळ्या कातडीची लठ्ठ कोंबडी काय, दोघींच्याहि अंगीं भारतीय द्वीपकल्पाच्या रानाचा एक अंश आहे.

ती माणसाजवळ केव्हां आली, याविषयींहि अलीकडे मत बदललें आहे. हा सहवास आठ-दहा हजार वर्षांचा असावा असें पूर्वीं सांगत. २०२२ सालीं ८९ देशांतील सहाशेंहून अधिक स्थळीं सांपडलेल्या हाडांची फेरतपासणी झाली, आणि निःसंशय घरगुती म्हणतां येतील अशीं सर्वांत जुनीं हाडें मध्य थायलंडमधील बान नॉन वाट येथें, इ. स. पूर्वीं १६५० ते १२५० च्या दरम्यानचीं, असल्याचें निष्पन्न झालें. कारणहि उमजण्यासारखें आहे. त्या भागांत भाताची व बाजरीसारख्या धान्यांची शेती सुरू झाली, खळ्यांत दाणे सांडूं लागले, आणि रानांतलें पांखरूं दाणे टिपण्यासाठीं आपण होऊन आलें. माणसानें कोंबडी पाळली यापेक्षां कोंबडीनें माणसाचें खळें शोधून काढलें असें म्हणणें अधिक यथार्थ होईल.

पुढें ती जिकडे गेली तिकडे प्रथम ताटांत न जातां मानाच्या जागीं बसली, हेंहि नवल आहे. ब्रिटनमधील अत्यंत जुन्या कोंबड्यांचे सांगाडे अखंड पुरलेले सांपडतात. त्यांच्यावर सुरीची खूण नाहीं. ज्यूलियस सीझरनें आपल्या युद्धवृत्तांत नमूद केलें आहे कीं, तेथील लोक कोंबडा खाणें निषिद्ध मानतात व केवळ हौसेसाठीं तो बाळगतात. रोमन सैन्य तर पवित्र कोंबड्यांचे पिंजरे बरोबर घेऊन हिंडे. त्यांनीं दाणे उत्साहानें टिपले तर लढाईला शुभ शकुन, न टिपले तर अशुभ. इ. स. पूर्वीं २४९ मध्यें पुब्लियस क्लॉडियस या सेनानीच्या कोंबड्यांनीं जहाजावर दाण्याला चोंच लाविली नाहीं. खात नाहींत तर निदान पिऊं द्या, असें म्हणून त्यानें त्या समुद्रांत फेंकून दिल्या, आणि ड्रेपानाच्या लढाईंत आपलें जवळजवळ सबंध आरमार गमाविलें. नव्या जागीं, हेलकावे खाणाऱ्या जहाजावर कोंबडीला भूक लागत नाहीं, एवढाच त्यांतला अर्थ असावा. पण रोमन लोकांची समजूत त्यानें पटणारी नव्हती.

कोंबडा आणि पहांट यांचें नातें सर्वांना ठाऊक आहे. कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटायचें राहत नाहीं, ही म्हण सूर्याच्या बाजूनें अगदीं खरी आहे. पण ती कोंबड्याच्या बाजूनेंहि खरी आहे, हें मात्र २०१३ सालीं जपानांतील नागोया विद्यापीठांत सिद्ध झालें. तेथें शिमुरा आणि योशिमुरा या दोघां संशोधकांनीं कोंबड्यांना रात्रंदिवस एकसारख्या मंद प्रकाशांत ठेविलें. पहांट नाहीं, संध्याकाळ नाहीं. तरीहि कोंबडे चोवीस तासांहून किंचित् कमी अशा ठराविक अंतरानें आरवत राहिले. बारा तास उजेड व बारा तास अंधार असा क्रम ठेवला असतां उजेड होण्याच्या सुमारें दोन तास आधींच त्यांनीं बांग दिली. म्हणजे कोंबडा उजेड पाहून आरवतो ही समजूत अपुरी आहे. त्याच्या शरीरांतच घड्याळ आहे, आणि तें झांकून ठेवणें डालग्याच्या आटोक्याबाहेरचें आहे. मध्यरात्रीं मोटारीचा दिवा अंगावर पडला किंवा दुसऱ्याची बांग ऐकूं आली तरी तो आरवतो हें खरें. परंतु तशा चेतवणीला त्याचा सर्वांत जोरदार प्रतिसाद पहांटेच्याच वेळीं मिळतो.

त्याच संशोधकांनीं दोन वर्षांनीं आणखी एक गोष्ट दाखविली. एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांत पहिली बांग देण्याचा मान वरिष्ठाचा असतो. मग दुसरा, मग तिसरा, असा क्रम रोज पाळला जातो. वरिष्ठाला तेथून हलविलें तर दुसऱ्या क्रमांकाचा कोंबडा पहिली बांग देतो. ज्येष्ठाला झोंप लागली म्हणून कनिष्ठानें सभा सुरू करावी, असें त्यांच्यांत चालत नाहीं.

बांग किती मोठी असते याची कल्पना खुराड्याशेजारीं झोंपणाऱ्यालाच येईल. कोंबड्याच्या स्वतःच्या कानाजवळ तिचा आवाज शंभर डेसिबेलांच्या बराच वर जातो; अशा आवाजांत रोज काम करणारा माणूस कांहीं वर्षांत बहिरा होईल. कोंबडा होत नाहीं. बेल्जियममधील शास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत त्याचें एक कारण सांगितलें आहे. बांग देण्यासाठीं चोंच पूर्ण उघडली कीं त्याच्या कानाच्या नळीचा कांहीं भाग आपोआप मिटतो आणि पडद्याचा जवळजवळ अर्धा भाग मऊ त्वचेनें झांकला जातो. आरवतांना तो स्वतःच्या कानांत बोटें घालतो असें म्हटलें तरी चालेल. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. कानाच्या आंतल्या ज्या सूक्ष्म केसाळ पेशी आवाज ग्रहण करतात, त्या माणसांत एकदां मेल्या कीं पुन्हां येत नाहींत. म्हणूनच पुष्कळ प्रकारचें बहिरेपण कायमचें असतें. कोंबडींत त्या पुन्हां उगवतात, हें १९८० नंतरच्या दशकांत दिसून आलें. ही किमया माणसाच्या कानांत घडवितां येईल काय, या प्रश्नामागें अनेक प्रयोगशाळा तेव्हांपासून लागलेल्या आहेत.

कोंबड्यांच्या वरिष्ठ-कनिष्ठतेचा शोध एका मुलानें लावला. नॉर्वेमधील थोर्लेफ श्येल्डेरुप-एब्बे याला लहानपणापासून कोंबड्यांचा नाद होता, आणि दहाव्या वर्षापासून तो त्यांच्या भांडणांच्या नोंदी वहींत ठेवूं लागला. कोण कोणाला टोंचतें आणि कोण मुकाट्यानें टोंचून घेतें, एवढेंच तो लिही. त्या वह्यांतून त्याला दिसलें कीं हें टोंचणें अव्यवस्थित नसून त्याला नियम आहे. कळपांतली एक कोंबडी सर्वांना टोंचूं शकते, दुसरी तिच्याखेरीज सर्वांना, आणि सर्वांत शेवटची कोणालाच नाहीं. क्रम एकदां ठरला म्हणजे रोज नवी मारामारी करावी लागत नाहीं. एक नजर पुरते. क्वचित् मौजेचा पेंचहि पडतो : पहिली दुसरीला टोंचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी उलट पहिलीला ! १९२२ च्या सुमारास त्यानें हें जर्मन भाषेंत प्रसिद्ध केलें. आज कचेऱ्यांतील साहेब-कारकुनांच्या उतरंडीलाहि लोक ज्या नांवानें संबोधतात तें मूळचें या कोंबड्यांवरूनच पडलें आहे. असा क्रम टिकण्यासाठीं प्रत्येक कोंबडीला बाकीच्या सर्व ओळखूं आल्या पाहिजेत हें उघड आहे, आणि त्या ओळखतातहि. मुख्यतः डोकें व तुरा पाहून. तुऱ्याचें रूप बदललें तर कालची मैत्रीण आज परकी ठरते आणि टोंचे खाते.

त्यांची भाषाहि निव्वळ कलकलाट नव्हे. आकाशांत घार दिसली असतां कोंबडा एक प्रकारचा बारीक, लांबट आवाज काढतो, आणि मुंगूस किंवा कुत्रें दिसलें असतां निराळाच तुटक गलका करतो. हे आवाज ध्वनिमुद्रित करून, घार नसतांना व कुत्रें नसतांना, कोंबड्यांना ऐकविले गेले. पहिला ऐकतांच त्या आडोशाला धांवल्या किंवा दबून बसल्या आणि वर पाहूं लागल्या. दुसरा ऐकतांच मान उंच करून सभोंवार पाहूं लागल्या. म्हणजे आवाजांत नुसतें भय नसतें, भय कोठून येत आहे ही बातमीहि असते. दाणा सांपडल्यावर कोंबडा जवळच्या कोंबड्यांना जी हांक मारतो, ती मात्र नेहमींच प्रामाणिक नसते. दाणा नसतांहि तशी हांक मारून तो दूरच्या कोंबडीला जवळ बोलावतो असें आढळलें आहे.

आतां अंड्याकडे वळूं. ज्या गृहिणीच्या घरीं गांवठी कोंबडी असेल तिनें अनुभवलें असेल कीं ती रोज थोडी उशिरा अंडें घालते आणि मग एक दिवस खाडा करते. याचें कारण हिशेबांत आहे. एक अंडें पुरें व्हायला सुमारें पंचवीस तास लागतात आणि दिवस चोवीस तासांचा आहे. बलक सुटल्यापासून पांढरा भाग चढायला तीन तास, आंतली पातळ सालटी बनायला तासाहून थोडा अधिक, आणि पुढचे वीसेक तास केवळ टरफलाला. या टरफलासाठीं दोन ग्रॅमहून अधिक कॅल्शियम लागतें, आणि टरफल बनण्याचें मुख्य काम रात्रीं, म्हणजे कोंबडीच्या पोटांत नवें अन्न पडत नसतांना, चालतें. तेव्हां ती तें आपल्या हाडांतून काढते. अंडीं घालण्याच्या काळांत तिच्या पायांच्या पोकळ हाडांत एक खास प्रकारचें हाड सांठतें; तीच तिची तिजोरी. अशाच हाडाच्या खुणा २००५ सालीं एका प्रचंड टिरॅनोसॉरसच्या मांडीच्या हाडांत आढळल्या. पक्षी हे डायनोसॉरांच्याच एका शाखेचे वंशज आहेत, या मताला त्यामुळें आणखी एक दुवा मिळाला. म्हणूनच तो प्राणी मादी असावा आणि अंडीं घालण्याच्या बेतांत असावा, असा तर्क करतां आला.

पिलूं बलकाचें बनतें अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चूक आहे. बलकावर एक इवलासा पांढुरका ठिपका दिसतो, त्यांतून पिलूं वाढतें; बलक ही त्याची शिदोरी होय. खुडूक कोंबडी रवणीवर बसविली कीं एकविसाव्या दिवशीं पिलें बाहेर येतात हें खेड्यांत सर्वांना ठाऊक आहे. पण बाहेर येण्यापूर्वींच पिलूं आंतून चिवचिवतें आणि कोंबडी त्याला उत्तर देते, हें कान देऊन ऐकणाऱ्यालाच कळतें. बाहेर पडण्याच्या थोडें आधीं उरलेला सबंध बलक पिलाच्या पोटांत ओढला जातो. त्या शिदोरीवर तें दोन-तीन दिवस दाणापाण्यावांचून राहूं शकतें. याच आधारावर अमेरिकेच्या टपाल खात्यानें १९१८ सालापासून एका दिवसाचीं पिलें पार्सलानें नेण्यास परवानगी दिली, आणि चिवचिवणारे खोके आजहि तेथील टपालांतून जातात.

अंडें घातल्याबद्दल एका कोंबड्याला देहान्त शिक्षा झाल्याची नोंद आहे. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरीं १४७४ सालीं हा खटला चालला. कोंबड्याच्या अंड्यांतून भयंकर विषारी सर्प जन्मतो अशी त्या काळीं समजूत होती, म्हणून आरोपीला अंड्यासह जाळण्यांत आलें. आज त्या आरोपीची बाजू मांडणें कठीण नाहीं. कोंबडीच्या पोटांत अंडाशयें दोन असलीं तरी बहुधा डावें तेवढेंच काम करतें. उजवें अविकसित राहतें. रोगानें डावें निकामी झालें तर उजव्या बाजूचा तो निद्रिस्त अवयव जागा होतो, पण अंडाशय म्हणून नव्हे, तर नराच्या वृषणाप्रमाणें. मग कोंबडीला मोठा तुरा येतो, पायांवर कांटे फुटतात आणि ती आरवूं लागते. एडिंबर येथील क्रू या शास्त्रज्ञानें १९२३ सालीं अशाच एका कोंबडीची हकीकत प्रसिद्ध केली. प्रथम तिनें अंडीं घातलीं होतीं, आणि पुढें ती दोन पिलांचा बाप झाली ! बाझेलचा दुर्दैवी जीव बहुधा असा अर्धवट पालटलेली कोंबडीच असावा.

आतां ती आरंभीं सांगितलेली हकीकत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पूर्वेकडील देशांत बेरीबेरी नांवाच्या रोगानें कहर मांडला होता. आधीं पाय जड होत, मग लुळे पडत, शेवटीं हृदय थकून रोगी दगावे. सैनिक, खलाशी, कैदी आणि मजूर यांत त्याचा जोर विशेष. डच सरकारनें जावा बेटांत बाटेव्हिया, म्हणजे आजचें जकार्ता, येथें या रोगाच्या शोधासाठीं एक लहान प्रयोगशाळा स्थापिली आणि ख्रिश्चियन आइकमन या तरुण डॉक्टरकडे ती सोंपविली. आइकमन हा बर्लिनमध्यें रॉबर्ट कॉखच्या हाताखालीं शिकलेला. प्रत्येक रोगाला एक जंतु असतो अशी तेव्हां सर्वांचीच श्रद्धा होती. त्यानें रोग्यांच्या शरीरांतून काढलेले जंतु कोंबड्यांना टोंचले आणि वाट पाहिली.

१८८९ च्या जुलैमध्यें कोंबड्यांचे पाय लटपटूं लागले. पुढें त्यांना उभेंहि राहवेना. पण मौज अशी कीं, ज्यांना कांहींच टोंचलें नव्हतें त्याहि आजारी पडल्या. आणि जंतूचा पत्ता लागण्यापूर्वींच नोव्हेंबरच्या अखेरीस रोग जसा आला तसा नाहींसा झाला. दुसरा कोणी असता तर प्रयोग फसला म्हणून त्यानें वही मिटली असती. आइकमननें या काळांत काय बदललें याची चौकशी केली. तेव्हां निघालें असें कीं, प्रयोगशाळेचा नोकर काटकसरीखातर शेजारच्या लष्करी इस्पितळांतून उरलेला शिजवलेला पांढरा भात आणून कोंबड्यांना घालीत असे. पुढें इस्पितळाचा आचारी बदलला. नव्या आचाऱ्याला लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना देणें पसंत पडलें नाहीं, आणि त्यानें तो बंद केला. कोंबड्यांना पुन्हां साधा, कोंड्यासह असलेला तांदूळ मिळूं लागला आणि त्या बऱ्या झाल्या. या हटवादी आचाऱ्याचें नांव ग्रंथांतून सहसा आढळत नाहीं. मानवजातीवरील त्याचे उपकार मात्र लहान नाहींत.

आइकमननें मग जाणूनबुजून कोंबड्यांना पांढरा तांदूळ चारून रोग आणला आणि तांदळाचा कोंडा देऊन तो घालविला. कोंबड्यांचें खरें तें माणसांचेंहि खरें असेल काय ? जावांतील आरोग्यखात्याचा अधिकारी फोर्डरमन यानें १८९६ च्या सुमारास जावा व मदुरा बेटांतील १०१ तुरुंगांची पाहणी केली. त्यांत सुमारें दोन लाख ऐंशी हजार कैद्यांची नोंद होती. ज्या तुरुंगांत पांढरा तांदूळ मिळे तेथें दर ३९ कैद्यांमागें एकाला बेरीबेरी. ज्यांत कोंड्यासह तांदूळ मिळे तेथें दहा हजारांहून अधिक कैद्यांमागें एकाला. इतका स्वच्छ पुरावा वैद्यकाच्या इतिहासांत क्वचितच मिळतो. तरीहि तो चटकन् कोणी मानला नाहीं. खुद्द आइकमनलाहि त्याचा अर्थ पुरता लागला नव्हता. पांढऱ्या तांदळांत कांहीं विष आहे आणि कोंड्यांत त्याचा उतारा आहे, असें तो समजे. अन्नांत एखादी गोष्ट असल्यामुळें नव्हे, तर नसल्यामुळें रोग होऊं शकतो, ही कल्पनाच तेव्हां नवी होती. ती त्याचा सहकारी गेरिट ख्राइन्स यानें १९०१ सालीं स्पष्टपणें मांडली. १९१२ सालीं काझिमिर फुंक यानें अशा द्रव्यांना व्हिटॅमिन हें नांव दिलें, १९२६ सालीं त्याच बाटेव्हियांत यान्सेन व डोनाथ यांनीं कोंड्यांतून तें द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें काढलें, आणि १९२९ सालीं आइकमनला हॉपकिन्सबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. ब-१ जीवनसत्त्व तें हेंच.

येथें कोंकण व गोमंतकांतील वाचकांना एक गोष्ट ओळखीची वाटेल. तेथील उकडा तांदूळ भात सालीसकट भिजवून व उकडून मग सडलेला असतो. उकडतांना सालीजवळचें जीवनसत्त्व दाण्याच्या आंत मुरतें आणि सडल्यावरहि बरेंच टिकतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं मलायांत असें दिसलें कीं, पांढरा तांदूळ खाणारे चिनी मजूर बेरीबेरीनें पटापट मरत आणि उकडा तांदूळ खाणारे हिंदी मजूर बहुधा वांचत. वाफेच्या यंत्रावर सडलेला शुभ्र तांदूळ प्रतिष्ठेचा आणि हातसडीचा किंवा उकडा तो गरिबांचा, ही समजूत मात्र त्यानंतरहि पुष्कळ वर्षें टिकली.

वैद्यकावर कोंबडीचें ऋण एवढ्यावर संपत नाहीं. न्यूयॉर्कमधील पेटन राउस यानें एका कोंबडीच्या छातींतील गांठ वाटून इतक्या बारीक गाळणींतून गाळली कीं तींतून पेशी वा जंतु जाऊं नयेत, आणि तो गाळलेला रस दुसऱ्या कोंबडीला टोंचला असतां तिलाहि गांठ झाली. विषाणूमुळें कर्करोग होऊं शकतो हें त्यानें १९११ सालीं दाखविलें. जगानें मानायला वेळ घेतला, आणि नोबेल पारितोषिक त्याला १९६६ सालीं, वयाच्या ८७ व्या वर्षीं मिळालें. दुसरी गोष्ट ओहायोंतील. कोंबडीच्या शेपटीजवळ एक लहान पिशवी असते. तिचें वर्णन सतराव्या शतकांत पादुआ येथील फाब्रिसियस याच्या ग्रंथांत आलें, पण उपयोग कोणाला कळेना. ब्रूस ग्लिक या विद्यार्थ्यानें ती कांहीं पिलांतून काढून टाकली, पण विशेष कांहीं घडलेलें दिसलें नाहीं. पुढें त्याच्या एका सोबत्यानें वर्गांत प्रयोग दाखविण्यासाठीं त्याच कोंबड्या उसन्या नेल्या, त्यांना रोगजंतूंचा अंश टोंचला, आणि प्रयोग फसला. पिशवी नसलेल्या कोंबड्यांच्या रक्तांत प्रतिकारद्रव्य तयारच होईना. हा निबंध एका नामांकित नियतकालिकानें परत केला, म्हणून १९५६ सालीं तो कुक्कुटपालनाच्या मासिकांत छापला गेला आणि वैद्यांच्या नजरेस बराच काळ पडला नाहीं. आज रक्तांतील ज्या पेशींना बी-पेशी म्हणतात, त्यांतलें ‘बी’ हें अक्षर कोंबडीच्या या पिशवीच्या लॅटिन नांवाचें, म्हणजे ‘बुर्सा’ या शब्दाचें, आद्याक्षर आहे.

एवढें देणाऱ्या पांखराची आजची स्थिति सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाहीं. रानकोंबडी वर्षांत दहा-पंधरा अंडीं घालते. आजची निवडक पैदाशीची कोंबडी तीनशेंहून अधिक. मांसासाठीं वाढविलेल्या कोंबडीची गोष्ट याहून विलक्षण आहे. कॅनडांतील आल्बर्टा विद्यापीठांत १९५७, १९७८ व २००५ या तीन काळांतील वाणांना एकच खाद्य घालून एकत्र वाढविलें. छप्पन्न दिवसांनीं पहिल्याचें वजन सुमारें ९०० ग्रॅम, दुसऱ्याचें १,८०० आणि तिसऱ्याचें ४,२०० ग्रॅम भरलें. स्वस्त मांस गरिबाच्या ताटांत आलें हा यांतला लाभ खरा. पण एवढा भार त्या पायांना नेहमींच पेलत नाहीं, आणि अशा कोंबड्यांत लंगडेपणा पुष्कळ आढळतो.

अंड्यांच्या धंद्यांत अडचण वेगळी आहे. तेथें नराचा उपयोग नाहीं, आणि तो वाण बारीक असल्यानें मांसासाठींहि त्याला वाढविणें परवडत नाहीं. एका दिवसाच्या पिलाचा नर-मादीभेद ओळखण्याची नाजुक कला जपानांतील मासुइ व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९२५ च्या सुमारास शोधली. तींत तरबेज झालेला माणूस तासाला सुमारें हजार पिलें तपासतो आणि क्वचितच चुकतो. मादी एका खोक्यांत, नर दुसऱ्या खोक्यांत. आणि दुसऱ्या खोक्यांतलीं पिलें त्याच दिवशीं मारलीं जातात. जगभर अशा पिलांची संख्या दरवर्षीं शेंकडों कोटींत जाते. जर्मनीनें १ जानेवारी २०२२ पासून कायद्यानें हें बंद केलें, आणि फ्रान्सनेंहि पाठोपाठ तशीच बंदी घातली. आतां तेथें अंडें उबवणींत असतांनाच तपासतात. एका रीतींत नवव्या दिवसाच्या सुमारास टरफलाला सुईच्या अग्राएवढें छिद्र पाडून एक थेंब बाहेर घेतात आणि त्यांत मादीचा अंतःस्राव आहे कीं नाहीं हें पाहतात. दुसऱ्या रीतींत छिद्रहि पाडावें लागत नाहीं. तेराव्या दिवसाच्या सुमारास अंड्यांतून प्रखर प्रकाश सोडून आंत फुटूं लागलेल्या पिसांचा रंग वाचतात. ज्या वाणांत नराचीं पिसें पांढुरकीं व मादीचीं तपकिरी असतात त्यांतच ही दुसरी रीत चालते.